क्रशर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?

निळाई
परवा आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं. पक्षाघाताने उजवी बाजू गेलीय, बोलणं बंद आहे, गिळायलाही त्रास होतो. निघताना सिस्टरनी गोळ्यांची पिशवी हातात दिली आणि सहज विचारलं, "घरी क्रशर आहे ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. माझ्या लेखी क्रशर म्हणजे दोन मजली लोखंडी धूड. अप्पा बावीस वर्षं खडी क्रशरवर ऑपरेटर होते. घरात सगळे 'क्रेशर' म्हणायचे. क्रेशर सुरू झाला की सकाळ, बंद झाला की संध्याकाळ. अप्पा घरी यायचे ते भुवयांसकट पांढरे होऊन. आई दारातच बादली ठेवायची. ते तोंड धुवायला वाकले की पहिल्या ओंजळीचं पाणी राखाडी होऊन फरशीवरून ओघळायचं. कान हळूहळू गेले त्यांचे. मग आम्ही भावंडांनी हाका मारणं सोडलं, समोर जाऊन कानावर तळवा ठेवायचो. पुढे घरात ती खूणच पडली. कानावर तळवा म्हणजे अप्पा.

एकदा डबा घेऊन गेले होते, आठ-नऊ वर्षांची असेन. लोडरच्या बकेटचा तुटलेला दात दगडांबरोबर हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या वरच्या तोंडात, गेला. काडकन आवाज, आणि मग एकदम शांतता. मी रडायलाच लागले, वाटलं अप्पांची नोकरी गेली. अप्पा खाली उतरले, मला मशीनच्या मागे नेलं आणि एक दुभंगलेली जाड पट्टी दाखवली. टॉगल प्लेट. म्हणाले, "ही मुद्दाम कच्ची ठेवतात बाळा. ही तुटली म्हणून जबडा वाचला." संध्याकाळी नवी बसवून क्रेशर सुरू.

आता घरात मुठीत मावेल एवढा क्रशर आहे. झाकण पिळलं की गोळीची पूड. दिवसातून तीनदा तो आवाज ऐकते आणि अप्पा आठवतात. तुमच्याकडे हा शब्द कुठून आला? कुठल्याही अर्थाने चालेल. लिहा.

टकटक
स्कल क्रशर!! बाकावर उताणं झोपायचं, बार कोपरातून वाकवत कपाळापर्यंत आणायचा आणि परत वर. दंडाच्या मागच्या बाजूसाठी. फोनवर मित्राला सांगत होतो, 'आज स्कल क्रशर, चार सेट, सोडणार नाही तुला.' मागे मावशी उभी. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. शेवटी तिला जिममध्ये नेऊन दाखवलं तेव्हा जीव भांड्यात पडला तिचा. जाता जाता सांगतो, वजन जड असेल तर डोक्यामागे धरायला माणूस हवाच. नाव उगाच पडलेलं नाही.

केवडा
निळाई, आधी कामाचं. मी फार्मसीत आहे. सगळ्या गोळ्या क्रश करू नकोस गं. पाकिटावर नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर, ईआर असं काही असेल तर ती गोळी दिवसभरात थोडी थोडी सुटायला बनवलेली असते. पूड केलीस तर सगळा डोस एकदम अंगात जातो. बीपीच्या गोळीचं असं झालं तर बीपी धाडकन खाली. दुसरा प्रकार एंटेरिक कोटेड. तिच्यावरचा थर पोटातल्या आम्लात न विरघळता पुढे आतड्यात विरघळतो. तो फुटला की एकतर औषध पोटातच वाया जातं, नाहीतर पोटाला त्रास होतो. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांनाही हात लावायचा नाही.

ज्या चालतात त्या एकेक वेगळ्या कुटायच्या, सगळ्यांचा एकच काला करायचा नाही. आणि प्रत्येक वेळी क्रशर धुवून कोरडा कर. आधीच्या गोळीची पूड आट्यांमध्ये अडकून राहते, ती दिसत नाही.

निळाई
अगं केवडा, आत्ता उठून बघितलं. एकावर एक्सआर आहे!! सकाळी तीच कुटून दिली. आता काय करू?

केवडा
घाबरू नकोस. आत्ता बीपी मोज आणि डॉक्टरांना लगेच फोन लाव, काय झालं ते जसंच्या तसं सांग. पुढच्या डोसआधी दुसऱ्या रूपात मिळतं का विचार. बऱ्याच औषधांचं साधं किंवा पातळ रूप असतं. हे तुला हॉस्पिटलमध्येच सांगायला हवं होतं.

डोलकाठी
मी मालवाहू जहाजांवर होतो. आमचा एक चीफ इंजिनिअर आधी ब्रिटिश नौदलात होता. कोणी मोठ्या रुबाबात गँगवेवरून, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीवरून, चालत आला की तो पुटपुटायचा, "क्रशर आला." मला वाटायचं, कोणाला तरी चिरडलं असेल त्या माणसाने. एका रात्रपाळीत विचारलंच. म्हणाला, रॉयल नेव्हीत जहाजावरच्या पोलिसाला, म्हणजे शिस्त राखणाऱ्या रेग्युलेटिंग पेटी ऑफिसरला, खलाशी क्रशर म्हणतात. त्याच्या वरचा मास्टर-अ‍ॅट-आर्म्स तो 'जॉन्टी'. हा शब्द जमिनीवरूनच बोटीवर चढलेला. १९व्या शतकात लंडनच्या रस्त्यावरची माणसं पोलिसालाच क्रशर म्हणायची.

त्याला स्वतःला तरुणपणी क्रशरने दोनदा पकडलं होतं, उशिरा परतल्याबद्दल. चाळीस वर्षांनंतरही तो शब्द उच्चारताना त्याची पाठ ताठ व्हायची. हे मी डोळ्यांनी बघितलंय. निळाई, तुझे अप्पा वाचून त्याची आठवण आली, इंजिनरूमने त्याचेही कान गेले होते. आईंची काळजी घे.

चिंगीची_आई
माझा लेक सातवीत. परवा विचारतो, आई, क्रश म्हणजे जी आपल्याला आवडते ती ना? मग मी तिचा क्रशर झालो का? मला उत्तरच सुचेना. बरोबरच आहे की त्याचं!

टकटक
व्याकरण पक्कं आहे पोराचं 😄

शब्दवेडा
चिंगीची_आई, मुलाचा तर्क शंभर टक्के खरा, फक्त भाषेने तो रस्ता घेतला नाही. 'ज्याच्यावर जीव जडला तो' या अर्थाने क्रश हा शब्द अमेरिकेत १९व्या शतकाच्या अखेरीस आला. मूळ क्रिया जुन्या फ्रेंचमधली, दात खाणे, कडकड वाजणे, मोडणे अशा अर्थाची. म्हणजे शब्दाच्या पोटात आवाज आधीपासून आहे. निळाईंनी तोच आवाज ऐकला, बघा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मी भाषांतरं करतो. एका यंत्राच्या माहितीपुस्तकात 'क्रशर' सतरा ठिकाणी होता आणि संपादकांनी 'चिरडयंत्र' असं करायला सांगितलं. मला ते लिहवेना. मराठीत चिरडतात ते मुंगीला, माणसाला, आंदोलनाला. धान्य भरडतात. बोट दारात चेंगरतं. फूल कुस्करतात. कागद चुरगाळतात. लसूण ठेचतात. साप चेचतात. माती रगडतात. औषध खलतात. प्रत्येक क्रियापदात हाताचा जोर वेगळा, हत्यार वेगळं आणि बळी पडणारी वस्तूही वेगळी. इंग्रजीचं एक क्रश या सगळ्यांवर पांघरूण घालतं. दगडाचा क्रशर काय करतो? माझ्या मते भरडतो. जबड्यात धरून, तुकडे मोठे ठेवून. पीठ करत नाही. म्हणून मी 'भरडयंत्र' लिहिलं. संपादकांनी कापलं आणि शेवटी पुस्तकात 'क्रशर' असंच छापून आलं. खाणीतल्या माणसांनी तोच शब्द कधीचा आपला करून घेतलेला आहे, तेव्हा तेच योग्य झालं असं आता वाटतं.

पाणपोई
'खल' बद्दल अगदी अगदी! आमचे आजोबा वैद्य होते. दगडी खल, होडीच्या आकाराचा. त्यात मात्रा उगाळायचे तासन्‌तास. गोळीच्या क्रशरला आपल्याकडे शब्द आहेच की, खल! आणि गंमत बघा, एखाद्या प्रश्नाचा 'खल करणे' म्हणजे चर्चा करत बसणे. आपण इथे क्रशरचा खल करतोय.

शब्दवेडा
वा! हे माझ्याकडून सुटलं होतं. आणि 'दोघांच्या भांडणात भरडला गेला' हेही.

पाणपोई
तो खल आता माझ्या चुलतभावाकडे आहे, त्यात तो किल्ल्या ठेवतो. जीव तुटतो बघून.

डबर
उशिरा आलो, साइटवर होतो. मी खाणकाम इंजिनिअर. निळाई, तुमच्या वडिलांनी सांगितलेलं अक्षरशः खरं. जॉ क्रशरमध्ये दोन जबडे असतात. एक स्थिर, दुसरा मागेपुढे होणारा. वर तोंड रुंद, खाली अरुंद. दगड जसजसा फुटतो तसतसा खाली सरकतो, आणि खालच्या फटीतून मावेल एवढा झाला की पडतो. ती फट किती ठेवायची यावर खडीचा आकार. न फुटणारं लोखंड आत आलं की जोर कुठेतरी निघायला हवा, म्हणून टॉगल प्लेट आधी मोडेल अशी बनवतात. फ्रेम किंवा शाफ्ट गेला तर मशीन किती दिवस बंद राहील सांगता येत नाही. तिथे ही एक प्लेट बदलली की काम चालू.

हे यंत्र एली व्हिटनी ब्लेक या अमेरिकन माणसाचं, १८५८ चं पेटंट. रस्त्यासाठी खडी हवी होती आणि ती हातोड्याने माणसं फोडत होती, ते बघून तो याच्या मागे लागला. कापसातून सरकी काढायची जिन शोधणारा एली व्हिटनी त्याचा मामा. आज कोन, इम्पॅक्ट, रोल असे कितीतरी प्रकार आलेत, पण मोठा दगड पहिल्यांदा फोडायला अजूनही बऱ्याच ठिकाणी तोच जबडा.

एक विचारू का? अप्पांना खोकला होता का?

निळाई
डॉक्टरांशी बोलणं झालं, बीपी ठीक आहे आता. औषध बदलून दिलं. केवडा, तुझे उपकार कसे फेडू!

डबरदादा, होता. शेवटची सहा वर्षं. जिना चढताना मध्ये बसायचे. सगळे म्हणायचे विडी सोडा, आणि अप्पांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. फोटोत छातीत डाग दिसले तेव्हा कळलं, सिलिकोसिस, दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार. तोवर ते कामावरून उतरून चार वर्षं झाली होती. मालकाकडे गेलो तर म्हणे तुमच्या वडिलांचं नाव हजेरीवर नाहीच. बावीस वर्षं, आणि नाव नाही.

डबर
मला हीच भीती होती. जी धूळ डोळ्यांना दिसते ती भुवयांवर बसते आणि धुतली जाते. फुफ्फुसात खोल जाते ती काही मायक्रॉनची, दिसतच नाही. एकदा आत चट्टे पडले की ते मागे फिरवणारा इलाज नाही. आणि हे टाळता येतं, याचाच राग येतो! दगड पडतो तिथे पाण्याचे फवारे, पट्ट्यावर झाकण, ऑपरेटरला बंद केबिन, नीट बसणारा मास्क. फवारे चालू असताना आणि बंद असताना काय फरक पडतो ते मी रोज बघतो. पाण्याची मोटर बिघडली तर मी क्रशर थांबवतो, मग वरून कितीही फोन येवोत. तुमच्या अप्पांच्या वेळी कोणीतरी थांबवायला हवा होता. मनापासून वाईट वाटलं.

मधली_सुट्टी
वाचून गलबलून आलं. मी खरं तर हलकंफुलकं लिहायला आले होते, आता लिहू की नको?

निळाई
लिही गं. हलकंच हवंय आत्ता.

मधली_सुट्टी
बरं. नवीन नोकरी, परदेशी बॉस, पहिला मोठा प्रकल्प. रात्री त्याचा मेसेज, "यू आर अ क्रशर." मी रात्रभर झोपले नाही. कोणाला चिरडलं मी? टीममधल्या त्या नवीन मुलाला जरा जास्त बोलले होते, तेच वर गेलं असणार, असं धरून चालले. सकाळी लवकर जाऊन त्या मुलाची माफी मागितली. तो चाट! मग बॉसला भेटले तर तो म्हणे अगं, म्हणजे तू काम फोडून काढलंस, कमाल केलीस! आपणही 'फाडलंस', 'फोडलंस' म्हणतोच ना कौतुकाने. तेव्हा मात्र डोक्यात आलं नाही. पण माफी मागितली ते बरंच झालं. तो मुलगा आज माझा सगळ्यात जवळचा सहकारी आहे.

खडक
आम्ही कातळ चढणारे! आमच्यात कोणाला क्रशर म्हटलं की संपलं, याहून मोठी पदवी नाही. अवघड रूट लीलया चढणारी व्यक्ती. आमच्या ग्रुपमधली क्रशर ही पाच फूटही नसलेली मुलगी आहे. बोटांची पेरं नखाएवढ्या कडेवर लावते आणि तरंगत वर जाते. ताकदीने दगड चिरडावा असं काहीच नसतं त्यात, उलट इतकं हलकं चढते की हाताला लावलेला खडू सोडून खडकावर काही उरत नाही. रोप धरून खाली उभं राहिलं तरी माझाच श्वास अडकतो.

गोठा
नवा पशुवैद्यक असताना परदेशात प्रशिक्षणाला होतो. शेतकरी म्हणाला, "पुट हर इन द क्रश." ती म्हणजे गाय. मी जागीच थिजलो. ब्रिटिश लोक आपल्या खोड्याला क्रश म्हणतात, जनावर हलू नये म्हणून उभं करायचा लोखंडी सांगाडा. गाय त्यात गेली, लस घेतली, रवंथ करत बाहेर आली. अमेरिकेत त्यालाच स्क्वीझ शूट.

वजाबाकी
तेलबियांच्या बाजारात क्रशर म्हणजे गाळप करणारा कारखाना. सोयाबीनमधून साधारण पाचवा हिस्सा तेल, उरलेलं बहुतेक पेंड. तेल आणि पेंड मिळून आलेले पैसे वजा दाण्याची किंमत, त्याला क्रश मार्जिन म्हणतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात "क्रशर बाजारात उतरले" हे वाक्य ऐकून मी खिडकीतून खाली बघितलं होतं.

रिकामी_टेप
बिटक्रशर! कोणीच नाही का आवाजातलं इथे? सीडीवरचा आवाज १६ बिटचा असतो, म्हणजे प्रत्येक क्षणाला आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या. बिटक्रशर त्या कमी करत नेतो. ८ बिटला २५६ उरतात, ४ बिटला फक्त १६. गोलाईदार सूर खडबडीत, दातेरी होतो, जुन्या व्हिडिओ गेमसारखा. मला तो फार आवडतो. आईच्या आवाजातली एक अंगाई मी रेकॉर्ड केली होती, ती एकदा सहज यातून घातली. ४ बिटला शब्द गेले पण हेल तसाच राहिला. कोणालाही ओळखू यावी आई, इतका तसाच.

निळाई, आईंना बोलता येत नाहीये म्हणालीस. पण गुणगुणतात का? काही लोकांचं बोलणं जातं आणि गाणं राहतं. स्पीच थेरपिस्टना विचार.

निळाई
हे मला माहीत नव्हतं. उद्याच विचारते.

शिंपला
मत्स्यालयात काम करते, पटकन लिहितेय. अमेरिकन लॉब्स्टरच्या दोन नांग्या सारख्या नसतात. एक बारीक, कापणारी. दुसरी जाड, बोथट दातांची, तिला क्रशर म्हणतात, ती शिंपले फोडते. पिल्लू असताना दोन्ही सारख्याच दिसतात. त्या वयात जी नांगी जास्त वापरली जाते ती क्रशर होते. पकडायला काहीच मिळालं नाही तर बहुतेक वेळा दोन्ही कापणाऱ्याच राहतात. एकदा बाजू ठरली की आयुष्यभराची. आमच्या टाकीतला एक डावखुरा आहे, मुलं काचेवर नाक लावून त्याला शोधतात.

टकटक
उद्यापासून डाव्या हाताने पण डंबेल 💪

डोलकाठी
टोपी राहिली! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक अधिकाऱ्याच्या टोपीतली कडक कड काढून टाकायचे, वरून हेडफोन बसावेत म्हणून. टोपी चेपून चेपून मऊ व्हायची. तिला क्रशर कॅप म्हणायचे. जितकी चेपलेली तितका माणूस मुरलेला.

चिंगीची_आई
लेकाला हे सगळं वाचून दाखवलं. त्याला आता लॉब्स्टर हवाय. क्रश विसरला.

पाणपोई
निळाई, भरवताना पूर्ण बसतं कर हं आईंना, मान जराशी खाली. सासूबाईंच्या वेळी आम्हाला हेच सांगितलं होतं. आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नकोस.

निळाई
हो पाणपोईताई, तसंच करते. सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा वाचलं.

आज दुपारचं सांगते आणि जाते, सहाची गोळी आहे. केवडाने सांगितल्यापासून एकेक गोळी वेगळी कुटते, त्यामुळे आवाज तीन वेळा होतो. आज पहिली गोळी कुटली. करकर आवाज झाला आणि आईने मान वळवली. मला वाटलं पाणी हवंय. भांडं पुढे केलं तर तिने ते बाजूला सारलं, डावा हात हळूहळू वर नेला आणि तळवा कानावर ठेवला.

मी दुसरी गोळी उगाच खूप वेळ कुटत बसले.